घरी जन्मली, घरी वाढली

ओस्लो, ६ सप्टेंबर १९६४

प्रिय बेर्गित,

आपल्या खोऱ्याचं साप्ताहिक अजूनही पोस्टानं येतं. एलिसाबेथ होती तेव्हा पत्रपेटीचा आवाज झाला की म्हणायची, "ऊठ ग्रेगार, तुझं गाव आलंय दारात." ती गेल्यापासून हे वाक्य मी मनातल्या मनात म्हणतो आणि मग उठतो.

या खेपेला मेंढ्यांच्या बाजाराची जाहिरात आणि मयतांची नावं यांच्यामध्ये चार ओळी दडवल्यासारख्या छापल्या आहेत. नोव्हेंबरात शाळेच्या भाषेवर मतदान. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपल्या शाळेतून आपल्या खोऱ्यांची भाषा काढायची आणि शहरची आणायची, असा विचार खरंच कुणाच्या मनात आला?

आठवतं का तुला, शेगडीभोवती वाळत घातलेल्या लोकरी हातमोज्यांचा तो ओला वास? बाहेर बर्फ, आत मास्तर, आणि आपण ओढ्याची कविता म्हणतोय. खाली समुद्राकडे निघालेला ओढा दगडाला विचारतो, तू का येत नाहीस? दगड म्हणतो, मी इथे राहिलो म्हणूनच तर तुझ्या वाहण्याला आवाज आहे. आज इतक्या वर्षांनी, ट्रामची घरघर ऐकत बसलेलो असताना मला ती कविता शहरच्या शब्दांत म्हणून बघावीशी वाटली. जमेना. ओढा आटला.

ही बातमी खोटी आहे, एवढं एका ओळीत कळव.

आणि एक मागणं आहे. रेल्वेच्या हिशेब कचेरीतून सुटून मला चार वर्षं झाली. एलिसाबेथशिवाय हे घर फार मोठं वाटतं. आई-बाबा म्हातारपणी ज्या धाकट्या घरात राहिले, ते रिकामंच असेल ना? येत्या उन्हाळ्यात मी तिथे येऊन राहिलो तर चालेल का तुला? पाहुणा म्हणून नाही. कायमचा.

तुझा भाऊ,
ग्रेगार


मित्वाइत, २० सप्टेंबर

ग्रेगार,

बातमी खरी आहे. एका ओळीत मागितलीस, दिली. आता बाकीचं ऐक.

तालाक दुकानदारानं सह्या गोळा केल्या. गल्ल्यापाशीच कागद ठेवला होता, साखर घेतली की सही करा. मी साखर घेतली. सही केली नाही. आणि केली असती तरी तुला सांगितलं नसतं, कारण तू लगेच कविता म्हटली असतीस.

तुला वाटतं इथे कुणी वेडे झालेत. तसं काही नाही रे. सरकारच्या लेखी दोन्ही भाषा सारख्या, शाळेत कुठली लिहायची ते त्या गावानं मत देऊन ठरवायचं. पण आपल्या भाषेतलं गणिताचं पुस्तक नाताळ उलटून गेल्यावर येतं, शहरच्या भाषेतलं शाळा उघडायच्या आधी. माझी नात लीव खाली गावात मोठ्या शाळेला गेली. राहते त्या घरची बाई तिला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावते आणि वर म्हणते, "किती गोड." गोड म्हणजे काय, कोकरू आहे का ती? पोरीनं आता जेवणाच्या टेबलावर बोलणंच सोडलंय.

परवा तालाक म्हणाला, "बेर्गित, आपल्या भाषेत गायीशी बोलता येतं, बँकेशी नाही." मी म्हटलं, "गाय दूध तरी देते." सगळे हसले. पण घरी येताना वाटलं, तो अगदीच चुकीचं बोलला नाही.

तू तिकडे बसून 'आपली भाषा' म्हणतोस ते ऐकायला बरं वाटतं. पण आईच्या मयताला आलास तेव्हा तू पाद्र्यापेक्षा शहरी बोलत होतास. टोमणा नाही, आठवलं म्हणून लिहिलं. जो निघून गेला त्याला मागचं सगळं जसंच्या तसं हवं असतं. इथे राहणाऱ्याला रोज ते वापरावं लागतं, मग ते झिजतं, फाटतं, ठिगळ लागतं.

धाकट्या घराचं छप्पर उत्तरेकडून गळतंय. बटाटे निघाले की आमच्या ओलावला चढायला सांगते. ये तू. मला संध्याकाळी कॉफीला कुणी असलं तर वाईट वाटणार नाही.

बेर्गित


ओस्लो, ४ ऑक्टोबर

प्रिय बेर्गित,

'ये तू' ही दोन अक्षरं मी कितीदा वाचली, ते सांगितलं तर हसशील.

पण तुझ्याशी भांडल्याशिवाय मला झोप यायची नाही, म्हणून भांडतो. पुस्तक उशिरा येतं हा पुस्तक छापणाऱ्यांचा दोष. लीवला दोनदा बोलायला लावतात हा त्या बाईच्या कानांचा दोष. दोष त्यांचा आणि शिक्षा आपण आपल्या जिभेला द्यायची, हा कुठला न्याय? शेजारच्याला आपल्या दाराचा रंग आवडत नाही म्हणून कुणी घर बदलत नाही. आज शाळेतली भाषा गेली की उद्या दुकानावरची पाटी जाईल, परवा कबरीवरची अक्षरं. मग एक दिवस नात आजीशी बोलेल आणि आजीला वाटेल, कोण बाई आलीये घरात?

मी शहरी बोलतो हे खरं. त्याचं मला वाईट वाटतं, हेही खरं. कचेरीत तोंड उघडलं की लोक हसायचे. मी अठरा वर्षांचा होतो. म्हणून तर म्हणतो, त्या रस्त्यानं गावच्या पोरांना पाठवू नका. मी जाऊन आलोय, तिथे काही नाही.

इथे दर गुरुवारी आम्ही खोऱ्याखोऱ्यांतून आलेले म्हातारे एका तळघरात जमतो. आंबट सायीची लापशी करतो, जुन्या शब्दांची देवाणघेवाण करतो. कुणाला वाटेत बर्फावरून घसरायला झालं, कुणी जेवताना काटा चुकीचा उचलला, की बाकीचे पाठीवर थाप मारून म्हणतात, "हाइमफ्योडिंग आहेस अगदी!" किती सुंदर शब्द आहे बघ. घरी जन्मलेला, घरी वाढलेला. शहरात त्याला तोड नाही. ऐकला की माझे डोळे भरतात.

तालाकच्या कागदाला उत्तर द्यायला हवं होतं. मी साप्ताहिकाला एक लेख पाठवलाय. काय लिहिलंय ते सांगत नाही. छापून आल्यावर बघ.

तुझा,
ग्रेगार


मित्वाइत, १५ ऑक्टोबर

ग्रेगार,

आता जे लिहिते ते कुणाला सांगू नकोस. ओलावलासुद्धा माहीत नाही, आणि तो माझ्या पोटचा आहे.

लीव बटाट्याच्या सुट्टीत घरी आली होती. आम्ही दोघी मागच्या वावरात वाकून बटाटे गोळा करत होतो. मध्येच ती मला काहीतरी सांगायला लागली, तिथल्या एका मैत्रिणीबद्दल, काहीतरी मनातलं. आणि अडखळली. शहरचा शब्द आला तोंडात, तो माझ्यापुढे म्हणायची लाज वाटली. आपला शब्द शोधला, तो सापडेना. मग म्हणाली, "जाऊ दे आजी." आणि बटाटे गोळा करायला लागली. संध्याकाळपर्यंत 'जाऊ दे' तेवढं डोक्यात राहिलं.

मग मला आपली पहिलीतली गोष्ट आठवली. तुला कविता आठवतात, मला पुस्तक आठवलं. छापलेल्या पानावर आपण घरी बोलतो तसं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भीती वाटली होती. वाटलं, कुणीतरी दाराआडून आपल्या आईचं बोलणं ऐकून गेलंय आणि ते इतकं मोलाचं वाटलं त्याला की छापलं. त्या दिवसापासून मी आईला उलटं बोलणं कमी केलं. खरंच. ज्या बाईचं बोलणं पुस्तकात येतं तिला कसं उलटं बोलायचं?

मतदानाच्या आदल्या आठवड्यात सभागृहात चर्चा आहे. तालाक बोलणार, मोठ्या शाळेचे एक मास्तर येऊन बोलणार. आपल्या बाजूनं नुसता म्हातारा पाद्री आहे, आणि तो बोलायला लागला की लोक कॉफीकडे बघतात. मी उठणार आहे, ग्रेगार. एवढंच सांगणार, बटाट्याचं आणि पुस्तकाचं. जन्मात चार माणसांपुढे बोलले नाही. रोज दूध काढताना गायींना ऐकवते. एक लाल गाय लक्ष देते, बाकीच्या तालाकच्या पक्षाच्या आहेत.

बरीच घरं अजून कुंपणावर आहेत. मला विचारलंस तर, बायकांनी एका बाईचं ऐकलं तर पारडं फिरेल. म्हणून आधी कुणाला कळू नये असं वाटतं. आपोआप उठल्यासारखं व्हायला हवं.

बेर्गित


ओस्लो, २१ ऑक्टोबर

प्रिय बेर्गित,

तुझं पत्र वाचून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बटाट्यांच्या वावरातून तू जे उचललंस ते आम्हा गुरुवारच्या म्हाताऱ्यांना इतक्या वर्षांत सापडलं नाही.

कुणाला सांगणार नाही. पण योगायोग बघ, माझा लेख याच शनिवारी येतोय, आणि त्यात तू आहेस. तू बोलणार हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे ते त्यात नाही, काळजी करू नकोस. पण तू कोण आहेस ते सगळ्या खोऱ्याला कळेल. तू उठशील तेव्हा लोक आधीच तुझ्याकडे बघत असतील. समज, माझा लेख तुझ्या पुढे दिवा धरून चाललाय.

तुझा,
ग्रेगार


ओस्लो, ९ नोव्हेंबर

प्रिय बेर्गित,

मंगळवारच्या पोस्टाची वाट न बघता मी स्टेशनवर जाऊन खोऱ्याचा अंक विकत घेतला. शहरची भाषा जिंकली, तीही अगदी थोडक्या मतांनी. एखाद्या वाडीतल्या लोकांनी हात वळवला असता तर निकाल फिरला असता.

सभेचा वृत्तांत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तालाक आहे, मास्तर आहेत, पाद्री आहे. तू नाहीस. आजारी होतीस का? बर्फ पडलं होतं का? लेखाबद्दलही तू काही लिहिलं नाहीस. आवडला नाही का? तू थोडी लाजशील हे मला माहीत होतं, पण मनातून आवडेल असं वाटलं होतं.

चार ओळी लिही.

ग्रेगार


मित्वाइत, २२ नोव्हेंबर

ग्रेगार,

मी आजारी नव्हते. बर्फही नव्हतं.

तुझा लेख शनिवारी आला. मला तो तालाकच्या दुकानात कळला. मी आत गेले तर तो गल्ल्यावर अंक पसरून मोठ्यानं वाचत होता आणि कॉफी प्यायला बसलेले सगळे मान खाली घालून हसू दाबत होते. "माझी बहीण बेर्गित, साऱ्या खोऱ्यातली अस्सल हाइमफ्योडिंग. तिच्यासारखी हाइमफ्योडिंग आता शोधून सापडणार नाही." पुढेही होतं काहीतरी, पहाट, झरा, ते मी ऐकलं नाही.

अरे, तू इथून गेलास तेव्हा पोरगा होतास, हे मला कळतं. पण हा शब्द इथे कुणाला म्हणतात ते तुला खरंच ठाऊक नाही? जी कधी उंबऱ्याबाहेर पडली नाही आणि म्हणून जिला जगाची अक्कल नाही, तिला. परक्याच्या घरी जेवायला गेली तर चमचा कुठल्या हातात धरायचा ते कळत नाही, तिला. आजी आपल्या त्या खुळ्या चुलतभावाला म्हणायची बघ. तो शब्द तू छापलास, माझ्या नावासकट, शेताच्या नावासकट, सगळ्या खोऱ्यात.

तालाकला मी दोष देत नाही. तो म्हणाला, "बेर्गित, मी नाही लिहिलं, तुझ्या भावानं लिहिलंय. शिकलेला माणूस आहे, त्याला माहीत असणार." आणि कॉफी ओतली मला. वर म्हणाला, "चमचा डावीकडे ठेवलाय." मी हसले. काय करणार होते?

तरी मी सभेला गेले. आईची चांदीची पिन गळ्याशी लावली होती. तालाक बोलला, मास्तर बोलले. चांगलं बोलले, हलक्या मनाचा माणूस नव्हे तो. पाद्री बोलला, लोकांनी कॉफीकडे बघितलं. मग अध्यक्ष म्हणाले, आणखी कुणी? मी उठले. तोंड उघडलं. आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अरे जागा द्या तिला, पहिल्यांदाच घराबाहेर पडलीये."

सगळं सभागृह हसलं. वाईटपणानं नव्हे रे. आपली माणसं हसतात तशी. आपल्या बाजूची घरंही हसली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी खाली बसले. पुन्हा उठायचं ठरवलं होतं, पण उठले नाही. बटाट्याचं सांगायचं राहिलं, पुस्तकाचं राहिलं. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, मग कॉफी घेऊ या.

चार लोक हसले म्हणून निकाल फिरला असं मी म्हणत नाही. मी बोलले असते तर फिरलाच असता असंही नाही. पण बोलले असते तर आपण हरलो असं म्हणता आलं असतं. आता म्हणायला 'आपण' कुठे आहे?

तू मला शिवी दिली असतीस तर मी तुला शिवी देऊन मोकळी झाले असते. तू स्तुती केलीस. ज्या भाषेसाठी तू रडतोस तिच्यातच केलीस, आणि ती तुला येत नाही.

बेर्गित


ओस्लो, २९ नोव्हेंबर

बेर्गित,

गुरुवारी मी तळघरात गेलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, हाइमफ्योडिंग म्हणजे काय? आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग आपल्या शेजारच्या खोऱ्यातला एक म्हातारा, सुतारकाम करायचा तो, हळूच म्हणाला, "अरे, तुला कळत नव्हतं? आम्ही एकमेकांना खुळा म्हणत होतो. म्हणून तर हसायचो." मीही हसायचो त्यांच्याबरोबर. इतकी वर्षं मला वाटत होतं, आम्ही एकाच गोष्टीला हसतोय.

मी शब्दाचे दोन तुकडे केले, घर आणि जन्म, आणि दोन्ही तुकडे इतके गोड होते की ते जोडल्यावर काय होतं ते बघितलंच नाही. लहानपणी शब्द पाठ केले आणि पाठच राहिले. ते वापरून, भांडून, शिव्या देऊन जे कळायचं ते कळायच्या आत मी निघून गेलो होतो. मग ते शब्द कपाटात ठेवले, काचेआड, आणि म्हणालो, बघा किती जपलेत. तू त्याच शब्दांनी रोज गायी हाकत होतीस, म्हणून तुझे जिवंत राहिले.

साप्ताहिकाला खुलासा पाठवू का? लिहून ठेवलाय. पण पाठवायची भीती वाटते, आता माझा आणखी कुठला शब्द चुकेल कुणास ठाऊक. तू म्हणशील तर येतो, तालाकच्या दुकानात उभा राहून सांगतो की खुळा मी आहे. हसू देत.

तू उठलीस तेव्हा मी तिथे असायला हवा होतो. बोलायला नको, मागच्या बाकावर बसायला. त्या माणसाला कोपर मारायला.

माफ कर, असं लिहिलं आणि खोडलं. तो शब्द तरी मला नीट येतो का, या विचारात पडलो. पुन्हा लिहितो. माफ कर.

ग्रेगार


मित्वाइत, १४ फेब्रुवारी १९६५

प्रिय बंधू,

आपले पत्र यथावकाश मिळाले. उत्तर देण्यास विलंब झाला याबद्दल दिलगीर आहे. आम्ही सर्व कुशल आहोत. या वर्षी बर्फ बेताचे पडले. मेंढ्यांची प्रकृती उत्तम आहे.

आगामी शैक्षणिक वर्षापासून आपल्या शाळेत नवीन शिक्षक रुजू होत आहेत. ते द्रामेन शहरातील रहिवासी असून सोबत त्यांची पत्नी असेल. गावात त्यांच्या निवासाची सोय नसल्याने शाळा समितीने माझ्याकडे विचारणा केली. मी धाकटे घर त्यांना देण्याचे मान्य केले आहे. ओलावने छप्पर दुरुस्त केले आहे. आपण उन्हाळ्यात अवश्य यावे. वरच्या मजल्यावरील पाहुण्यांची खोली आपल्यासाठी तयार ठेवण्यात येईल.

खुलासा पाठवू नये ही विनंती. तो विषय आता संपला आहे.

नवीन शिक्षकांशी आणि समितीशी पत्रव्यवहार करावा लागणार असल्याने मी शहरच्या भाषेत लिहिण्याचा सराव करीत आहे. प्रस्तुत पत्र लीवने तपासले. प्रथम बऱ्याच चुका होत्या. त्या तिने दुरुस्त केल्यावर मी ते स्वच्छ कागदावर पुन्हा लिहिले.

आपली भगिनी,
बेर्गित


ओस्लो, १ मार्च १९६५

प्रिय बेर्गित,

पत्र मिळालं. मास्तरांना घर दिलंस ते योग्यच केलंस. बाईमाणसाला घेऊन परक्या गावात येणाऱ्याला छप्पर पाहिजे. मला पाहुण्यांची खोली पुष्कळ झाली. जूनमध्ये येईन आणि गवत वाळायच्या आत परत जाईन.

तुझ्या पत्रात एकही चूक नाही. मी हिशेब कचेरीत जन्म काढलेला माणूस, मला चुका शोधायची सवय आहे. सकाळी एकदा वाचलं, दुपारी दिव्याखाली धरून वाचलं. एखादा स्वल्पविराम, एखादं मोडकं क्रियापद, आपल्याकडचा एखादा शब्द चुकून राहिलेला, काहीतरी सापडेल आणि त्याच्यामागे तू उभी असशील, असं वाटत होतं. लीव फार चांगली शिकतेय.

एकच विचारतो. तिनं तपासायच्या आधीचा तो कागद, सगळ्या चुका होत्या तो, चुलीत घातला नसशील तर मला पाठव.

ग्रेगार